कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर : देवळालीचे एक गणितशिक्षक

सेनापतींची, मुत्सद्द्यांची व समाजसुधारकांची चरित्रे आमच्या विद्यार्थ्यांनी क्रमिक पुस्तकांतून पुष्कळ वाचली असतील. परंतु लहानशा गावात तीस वर्षांहून अधिक काळ हाती खडू धरून मुलांस बेरीज-वजाबाकी शिकविणाऱ्या एखाद्या शिक्षकाचे चरित्र त्या पुस्तकांत क्वचितच येते. अशाच एका शिक्षकाची ओळख आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस येथे करून देत आहो. या गृहस्थांपाशी संपत्ती नव्हती, उच्च पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. त्यांचे सारे साधन म्हणजे एक ते नऊ हे अंक व शून्य. आणि तेवढे साधन तर पैनगंगेच्या काठी वसलेल्या आमच्या देऊळघाटातील पहिल्या इयत्तेच्या मुलापाशीही आहे. त्याच दहा चिन्हांच्या बळावर त्यांनी आपले नाव गणिताच्या ग्रंथांत कायमचे लिहून ठेविले.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी समुद्रकाठच्या डहाणू गावी झाला. हे गाव त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. बालक दत्तात्रय आठ वर्षांचे असतानाच मातृसुखास अंतरले व पुढे त्यांचे संगोपन वडिलांनीच केले. वडील कारकुनी करीत व फावल्या वेळी ज्योतिष पाहत. ज्योतिषाची फळे खरी की खोटी, हा वाद आम्ही येथे काढीत नाही. परंतु पत्रिका मांडावयाची म्हणजे आकडेमोड ही करावीच लागते. बापाच्या मांडीशी बसून मुलाने उचलली ती या आकडेमोडीचीच गोडी होय. इतर मुले खेळात रमत तसे हे अंकांच्या कोड्यांत रमू लागले.

माध्यमिक शिक्षण ठाणे येथे संपवून १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. केंब्रिज येथे १८९९ साली सीनिअर रँग्लर होण्याचा मान मिळविणारे पहिले भारतीय, रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, यांच्या नावाचे एक पारितोषिक त्या कॉलेजात असे. विद्यार्थ्याने स्वतः शोधलेल्या गणितासाठी ते दिले जाई. १९२७ साली ते कापरेकरांस मिळाले. १९२९ साली ते बी. एस्‌सी. झाले. त्यापुढील पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. लवकरच नाशिकजवळील देवळाली येथे गणितशिक्षकाची जागा मिळाली, आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेथेच शिकविले. देवळाली हे नाव कानांस आमच्या देऊळघाटासारखेच लागते, आणि तेही काही विद्यापीठाचे शहर नव्हे. मोठी ग्रंथालये दूर, थोर गणिती त्याहूनही दूर. तरीही आपला शोध चालू ठेवण्यास या शिक्षकास दुसऱ्या कोणत्या स्थळाची आवश्यकता वाटली नाही.

त्यांची दृष्टी कशी होती हे समजावे म्हणून त्यांची काही गणिते येथे देतो. मुलांनी पाटी घेऊन ती पडताळून पाहावी. केवळ वाचून त्यांतील रस कळणार नाही.

मुंबईजवळील डोंबिवलीचे रेल्वे स्थानक आज सर्वांस माहीत आहे. तेथे कापरेकरांस एक कल्पना सुचली, व त्या जागेच्या नावावरून त्यांनी एका जातीच्या संख्यांस डेम्लो संख्या असे नाव दिले. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. अंक पायऱ्या चढल्याप्रमाणे वर जातात व तसेच खाली उतरतात. नऊ एककांच्या संख्येचा वर्ग केला असता १२३४५६७८९८७६५४३२१ असे पूर्ण शिखर उभे राहते. केवळ एककांनी बनलेल्या या संख्यांचा स्वभाव मात्र सारखा नाही. ११ ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक व ती स्वतः यांखेरीज कोणीही तिला निःशेष भागत नाही. १११ मात्र ३ व ३७ यांचा गुणाकार आहे. त्यानंतरची मूळ संख्या थेट एकोणीस एककांची, तिच्या पुढची तेवीस एककांची, व त्यापुढची ३१७ एककांची आहे. दिसावयास सारख्या, परंतु अंतरंगात इतक्या भिन्न!

आता ४५ घ्या. तिचा वर्ग २०२५. या वर्गाचे मध्ये दोन तुकडे करून बेरीज केली तर २० व २५ मिळून पुन्हा ४५ येतात. ५५ चा वर्ग ३०२५. ३० व २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९; ८८ व २०९ मिळून २९७. या संख्यांस आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला त्यांनी हर्षद, म्हणजे हर्ष देणारी, असे नाव ठेविले. रामानुजन यांच्या चरित्रात येणारी १७२९ ही संख्या अशीच हर्षद आहे: तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे बरोबर १७२९.

त्यांचे सर्वांत विख्यात गणित त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत सांगितले. सर्व अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करावी. येईल त्या बाकीस पुन्हा तसेच करावे. आपण कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. १९०५ या अंकांपासून ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. त्यापुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ व अखेर ६१७४. येथे येऊन पोहोचल्यावर पुढे जाता येत नाही. कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुनरपि ६१७४. कोणत्याही वाटेने निघा, सात पावलांच्या आत किंवा सातव्या पावलास याच मुक्कामी यावे लागते. आमच्या उदाहरणास पूर्ण सात पावले लागली. ६१७४ या संख्येस कापरेकर स्थिरांक असे नाव पडले आहे.

परंतु या लेखात आम्हांस विशेषेकरून जे सांगावयाचे आहे ते त्यांच्या स्वयंभू संख्यांविषयी होय. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. ४७ मध्ये ४ व ७ मिळविले की ५८ होतात. ५८ मध्ये ५ व ८ मिळविले की ७१. ७१ पासून ७९. अशा रीतीने एक संख्या दुसरीस जन्म देते. १८८४ मध्ये तिच्या अंकांची बेरीज २१ मिळविली की १९०५ येतात. तेव्हा १८८४ ही १९०५ ची जनक. काही संख्यांस दोन जनक असतात: ९१ व १०० या दोहोंपासून १०१ च निघते. आणि काही संख्या अशा आहेत की त्यांस जनकच नाही. कोणतीही संख्या घेऊन पाहा, तिच्यापासून २० निघणार नाही. ३१ निघणार नाही. आपोआप प्रकट झालेल्या देवमूर्तीस आपण स्वयंभू म्हणतो, तसे या संख्यांस कापरेकरांनी स्वयंभू म्हटले. १९४९ साली त्यांनी ही कल्पना मांडली व १९६३ साली त्यांवर देवळालीहूनच एक पुस्तिका काढली. शंभरापर्यंत अशा तेरा संख्या आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ व ९७. त्यांपैकी ३, ५, ७, ३१, ५३ व ९७ या सहा मूळ संख्याही आहेत. म्हणजे त्यांस भाजकही नाही आणि जनकही नाही.

९७ स्वयंभू आहे हे कसे ओळखावे? दोन अंकांची बेरीज फार तर अठरा होईल. तेव्हा ९७ चा जनक असलाच तर तो ७९ ते ९६ यांतच असला पाहिजे. ७९ पासून ९५ निघतात, ८४ पासून ९६, ८५ पासून एकदम ९८. याप्रमाणे अठराही संख्या तपासल्या असता एकीपासूनही ९७ निघत नाहीत. काम कंटाळवाणे खरे, परंतु अवघड मुळीच नाही.

येथे कोणी सुजाण पालक विचारतील की, या खेळाचा उपयोग काय? हाच प्रश्न कापरेकरांस जन्मभर ऐकावा लागला. आपल्या देशातील अनेक गणितपंडितांनी त्यांच्या संशोधनास पोरखेळ मानून ते हसण्यावारी नेले. त्यांचे लेख बहुधा लहानसहान मासिकांतून येत, किंवा ते स्वतःच त्यांच्या पुस्तिका छापवून घेत. पंडितांचा आक्षेप अगदीच निराधार होता असेही आम्ही म्हणत नाही. ९७ चे मूळत्व ती संख्या कोणत्याही रीतीने लिहिली तरी ढळत नाही. सत्त्याण्णव बोरांच्या समान राशी करावयास बसले तर, एकेका बोराच्या राशी सोडल्यास, त्या कोणाच्याही हातून होणार नाहीत. तिचे स्वयंभूपण मात्र आपण दहाच्या पायावर अंक मांडतो यावर अवलंबून आहे. बाराच्या पायावर मोजणारे लोक असते तर त्यांच्या स्वयंभू संख्या निराळ्या झाल्या असत्या. म्हणून हे गुण संख्येचे नसून तिच्या पोषाखाचे आहेत, असे पंडितांचे म्हणणे.

कापरेकरांनी या टीकेस वादाने उत्तर दिले नाही. ते आपले काम करीत राहिले. कॉलेजांतून बोलावणे आले की जाऊन व्याख्यान देत, गणित परिषदांस हजर राहत, आणि परत येऊन मुलांस शिकवीत. त्यांस गणितानंद असे म्हणत, ते यथार्थच होते. मात्र आनंद होता म्हणून कष्ट नव्हते असे कोणी समजू नये. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन तुटपुंजे असल्याने, राहणी अत्यंत साधी ठेवूनही भागेना; तेव्हा उतारवयात मुलांच्या गणित व शास्त्र या विषयांच्या शिकवण्या करून त्यांस चरितार्थ चालवावा लागला. ज्ञानाची आवड धरली की लक्ष्मी मागोमाग येते, असे आश्वासन आम्ही विद्यार्थ्यांस देऊ इच्छीत नाही. या चरित्रात तरी ती आली नाही.

१९७५ साली, त्यांच्या वयाच्या सत्तराव्या वर्षी, दूरच्या देशातून त्यांची दखल घेतली गेली. गणिताची गोडी सामान्य वाचकांस लावणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकाच्या मार्च महिन्याच्या अंकात कापरेकरांवर व त्यांच्या संख्यांवर लिहिले. त्यानंतर देशोदेशींच्या गणितप्रेमींस देवळाली हे नाव परिचयाचे झाले. स्वयंभू संख्यांस काही ग्रंथकार देवळाली संख्या असेही म्हणतात. १९८६ साली कापरेकर देवळाली येथेच निवर्तले.

चरित्र येथे संपते. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न पुढे वीस वर्षांनी कोठे जाऊन पोहोचला हे सांगितल्यावाचून आमचा लेख पुरा होणार नाही.

मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले. तेव्हापासून मोठ्यांत मोठी मूळ संख्या हुडकण्याचा माणसास छंद लागला आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधील मारँ मर्सेन या विरक्त ख्रिस्ती धर्मगुरूंनी एका विशेष जातीकडे लक्ष वेधले. दोनास दोनाने वारंवार गुणीत जावे व शेवटी एक वजा करावा. दोन दोनदा घेतले तर ४ वजा १ म्हणजे ३. तीनदा घेतले तर ७. पाचदा घेतले तर ३१. सातदा घेतले तर १२७. या सर्व मूळ संख्या आहेत. अकरा वेळा घेतले तर मात्र २०४७ येतात, आणि ते २३ व ८९ यांचा गुणाकार निघतात. अशा रीतीने दोन हा अंक २,४०,३६,५८३ वेळा घेऊन गुणिला व त्यातून एक वजा केला असता जी संख्या येते ती मूळ आहे, असे १५ मे २००४ रोजी गणकयंत्राच्या साहाय्याने आढळून आले. ती लिहावयास ७२,३५,७३३ अंक लागतात. कोणी दर सेकंदास एक अंक या वेगाने, झोप व जेवण सोडून, रात्रंदिवस लिहीत बसला तर त्यास सुमारे चौऱ्याऐंशी दिवस लागतील. तिचा शेवटचा अंक मात्र आमचा विद्यार्थी क्षणात सांगू शकेल. २, ४, ८, ६ असे शेवटचे अंक चार-चारांच्या फेऱ्यांनी येतात. २,४०,३६,५८३ यांस ४ ने भागता बाकी ३ उरते. फेरीतील तिसरा अंक ८, त्यातून एक गेला की ७.

या अजस्र मूळ संख्येस कोणी जनक आहे काय? म्हणजे ती ९७ प्रमाणे स्वयंभू आहे काय? देवळालीच्या शिक्षकाचा हा प्रश्न तिला लावून पाहावयाचे म्हटले तर प्रथमदर्शनी छाती दडपते. बहात्तर लक्ष पस्तीस हजार सातशे तेहतीस अंकांची बेरीज फार तर ६,५१,२१,५९७ होईल. तेव्हा जनक या संख्येच्या खाली तितक्या अंतराच्या आत कोठे तरी असावयाचा. साडेसहा कोटी संख्या तपासावयाच्या, आणि प्रत्येकीत बहात्तर लक्ष अंक! परंतु ल्यूक पेबडी या गणितज्ञाने ऑक्टोबर २००६ मध्ये यातून मार्ग काढला. साडेसहा कोटी ही संख्या आपल्यास मोठी वाटते, पण ती आठच अंकी आहे. ती वजा केल्याने त्या प्रचंड संख्येच्या शेवटच्या आठ अंकांत व हातच्यामुळे फार तर त्यांच्या शेजारी बदल होतो. अलीकडचे सारे लक्षावधी अंक जसेच्या तसे राहतात. म्हणून त्यांची बेरीज एकदाच करून बाजूस ठेवावी, आणि तपासणी शेवटच्या थोड्या अंकांपुरती करावी. अशी तपासणी करता उत्तर आले की, या संख्येस जनक नाही. ती मूळ आहे व स्वयंभूही आहे. दोन्ही गुण असलेली इतकी मोठी संख्या तोपर्यंत कोणासही ठाऊक नव्हती.

त्यानंतरही मोठमोठ्या मूळ संख्या सापडत आल्या. २०२४ साली सापडलेल्या एका मूळ संख्येचे अंक ४,१०,२४,३२० आहेत. परंतु आम्हांस जे महत्त्वाचे वाटते ते संख्येचे आकारमान नव्हे. ९७ या संख्येस जो प्रश्न शाळेतील मुलगा पाटीवर अठरा ओळींत विचारू शकतो, तोच प्रश्न, एका अक्षराचाही फरक न करता, बहात्तर लक्ष अंकांच्या संख्येस विचारता आला. आणि तो सोडविताना संख्यांविषयी एक नवी युक्ती हाती आली. प्रश्न पोषाखाविषयीचा असेल. पण त्याचे उत्तर शोधावयास खरी बुद्धी खर्चावी लागली. पंडितांनी आक्षेप घेतला तेव्हा त्यांनी उत्तराचा उपयोग मोजला होता. चांगल्या प्रश्नामुळे माणसास विचार करणे भाग पडते, हा उपयोग त्यांच्या हिशेबात धरला गेला नव्हता.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांस पुढे शेती, व्यापार, नोकरी अशा निरनिराळ्या वाटांनी जावे लागेल, आणि गणितज्ञ फारच थोडे होतील. तथापि एखादा विषय मनापासून आवडावा, आणि कोणी वाखाणीत नसले तरी तो दररोज थोडा थोडा करीत राहावे, हे कोणत्याही वाटेवर करता येते. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलगा किंवा मुलगी वहीच्या मागील पानावर निरुपयोगी आकडे मांडताना दिसली तर लगेच रागावू नये. प्रथम ते आकडे काय आहेत हे विचारावे.

शेवटी एक गणित देऊन आम्ही आमच्या वाचकांचा निरोप घेतो. कापरेकरांच्या जन्मवर्षाचा जनक आम्ही वर सांगितलाच आहे. त्यांच्या मृत्यूचे वर्ष १९८६, याचाही जनक आहे. तो कोणता, हे प्रत्येकाने स्वतः शोधून काढावे. आणि मग हजेरीपटावरील आपला क्रमांक स्वयंभू आहे की नाही, हेही पाहावे.